हुकाची खंडेनवमी

“आज नुसतं नाव लिही, आडनाव उद्या लिही,” अण्णा घेवारी मला म्हणाले.

तपासणीच्या दाखल्यावर अर्धी सही घेण्याची ही युक्ती त्यांची त्यांनाच इतकी पसंत पडली, की त्यांनी ती मोठ्या आवाजात पुन्हा एकदा दस्तगीरमामांना ऐकवली. दस्तगीरमामा म्हणजे त्यांच्या फाउंड्रीतले माल बांधणारे. क्रेनच्या हुकात साखळदंड अडकवायचे, हात वर करून क्रेनवाल्याला खूण करायची आणि माल हवेत असताना त्याच्या कडेला हात लावून चालायचं, हे त्यांचं काम.

“अण्णा, अर्धी सही नसते,” मी म्हणाले.

“का नसती? अर्धा हूक तपासलास न्हवं? तेवढ्याची दे.”

“मामा, तुम्हीच सांगा. अर्ध्या हुकाला माल लावाल?”

“मी कशाला सांगू, ताई?” मामा म्हणाले. “तुम्ही दोघंबी खालनं जाणार न्हाईसा. म्हंजे अण्णा जाणार हायत, तुम्ही न्हाई.”

त्यात सगळं आलं होतं. अण्णा खरंच जाणार होते.

मी तेव्हा सांगलीतल्या एका तपासणी करणाऱ्या छोट्या कंपनीत होते. धातूवरच्या बारीक भेगा शोधणं हे आमचं काम. एकटीनं बाहेर जायची माझी ती पहिलीच वेळ. अण्णांच्या कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत एका मोठ्या प्रेसचा पाच टनी बेड, म्हणजे त्या यंत्राची ओतीव बैठक, तयार होऊन पडला होता. पुण्याच्या गिऱ्हाइकानं अट घातली होती, की बेड उचलण्याआधी क्रेनच्या हुकाची तपासणी झाल्याचा दाखला हवा. बेड दसऱ्याला निघणार होता. म्हणून मी आदल्या दिवशी, खंडेनवमीला, यंत्र घेऊन हजर.

माणसं भेटली की त्यांची जमा एकीकडं आणि नावे दुसरीकडं मांडायची मला खोड आहे. अण्णांच्या जमेला दिलदारपणा, मोठा आवाज आणि कुणाच्याही ताटात स्वतःच्या हातानं वाढणं. नावे बाजूला फक्त एक गोष्ट: स्वतःला काही होऊ शकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

दस्तगीरमामांची नावे बाजू मला शेवटपर्यंत सापडली नाही. सकाळी मी यंत्र पेटीतून काढलं तेव्हा ते त्याच्याभोवती दोनदा फिरले. हातात मावेल असं यंत्र. मधे मूठ, मुठीवर बटण, आणि दोन्ही बाजूंना सांधे असलेले दोन लोखंडी पाय. आम्ही त्याला योक म्हणतो.

“खेकडा हाय की ओ ह्यो,” मामा म्हणाले, आणि त्या दिवसापुरतं तेच नाव पडलं. मी पाय लोखंडाच्या ठोकळ्यावर टेकवले, बटण दाबलं, यंत्र घूं करून बोललं आणि ठोकळ्यासकट वर आलं. चुंबकात नीट जोर आहे ना, ते आधी असं पाहतात. मामांनी तो ठोकळा दोनदा उचलायला लावला. दुसऱ्यांदा नुसती हौस म्हणून.

खरी कसरत हूक साफ करण्याची होती. हूक कमरेएवढ्या उंचीवर खाली आणला होता. त्यावर दर खंडेनवमीला एक हात पिवळा ऑइलपेंट, वर हळद, वर शेंदूर, असे थर चढलेले. मामा तारेच्या ब्रशनं घासत होते आणि वर्षं सांगत होते.

“ह्यो मागच्या सालचा पिवळा. ह्यो त्येच्या आदला, तवा पेंट पातळ आलावता. आणि ह्यो शेंदूर अण्णांच्या थोरल्या पोरीच्या लग्नाच्या सालचा. तवा जरा जास्तच लावला आम्ही, आनंदात हुतो.”

खाली लोखंड चमकायला लागलं तोवर सकाळ सरली होती.

आणि मग आक्का. अण्णांची थोरली बहीण, पारूआक्का. नवरा गेल्यावर माहेरी आल्या आणि फाउंड्रीचं स्टोअर सांभाळू लागल्या. लोखंडी जाळीची खिडकी, आत आक्का, आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या दिवशी दुपारपर्यंत तरी मी त्यांची एकच बाजू मांडली होती, आणि ती नावे. कारण फाटकातून आत आल्याआल्या त्यांनी माझा भुकटीचा डबा काढून घेतला.

“आत येणारी वस्तू स्टोअरमधनं जाती,” त्या म्हणाल्या. “कामाला लागंल तेवढी मी देतो.”

आमच्याकडच्या बायका बोलतात तसं ‘देतो’, आणि ‘देतो’ म्हणजे चमच्यानं. मी भुकटी उडवायचा रबराचा फुगा पुढं केला, त्यात त्यांनी चमचाभर भुकटी घातली आणि डबा बंद केला.

“लाल का?”

“साफ केलेल्या लोखंडावर लाल उठून दिसते.”

“कुंकवासारखी हाय.”

“लोखंडाचाच बारीक भुगा आहे, आक्का. रंग दिलेला. योकचे पाय लोखंडावर टेकवले, बटण दाबलं, की एका पायाकडून दुसऱ्याकडं चुंबकाची ओढ जाते. वाटेत भेग आडवी आली की ओढ तिथं फुटून बाहेर येते आणि भुकटी त्या रेघेवर बसते. बाकीची फुंकली की उडते.”

“आणि भेग आडवी नसली तर?”

“ओढीच्या दिशेनंच पडलेली असली तर गप्प बसते. दिसत नाही. म्हणून दोन वेळा तपासायचं. एकदा योकचे पाय हुकाच्या दोन्ही कडांना, एकदा एक पाय वर आणि एक खाली.”

“त्यातली वाईट भेग कंची?”

“हुकाला आडवी. वजन आलं की ती उघडते. ती दिसायला एक पाय वर, एक खाली.”

“मग ती आधी का बघत न्हाईस?”

प्रश्न बरोबर होता. पण कंपनीनं दिलेला क्रम तसा होता, कडेपासून सुरुवात, आणि पहिल्यांदाच एकटी आलेली मी क्रम सोडायला तयार नव्हते. मी तसं सांगितलं. आक्कांनी मान हलवली आणि जाळीतून म्हणाल्या, “चमचा संपला की ये परत. सांडू नको.”

एवढ्याशा भुकटीसाठी एवढी चौकशी. मी त्यांच्या खात्यावर कंजूषपणा मोठ्या अक्षरात लिहून टाकला.

कडांकडून तपासणी निर्मळ झाली. एकही रेघ नाही. मी योक फिरवून एक पाय वर आणि एक खाली ठेवणार, तेवढ्यात भोंगा झाला.

मामांच्या हातातला ब्रश तिथल्या तिथं खाली गेला. लेथवाल्यानं पान्हा ठेवला. आणि अण्णा दोन्ही हात जोडून माझ्यासमोर उभे.

“आता ते हत्यार. पाटावर.”

“पाच मिनिटं, अण्णा.”

“भोंगा झाल्यावर आमच्याकडं मिनिट नसतं.”

मग मला रीत कळली. खंडेनवमीच्या भोंग्यानंतर घेवारींच्या फाउंड्रीत कुणी हत्यार उचलायचं नाही. सगळी हत्यारं पाटावर. दसऱ्याला सकाळी पहिलं काम क्रेननं करायचं. क्रेननं माल उचलायचा, अण्णांनी पाण्याचा तांब्या घेऊन त्या उचललेल्या मालाखालून जायचं आणि पलीकडं नारळ फोडायचा. मगच बाकीची हत्यारं पाटावरून उठायची. ही रीत अण्णांच्या वडिलांनी पाडली होती. त्यांच्या वेळी क्रेन नव्हती, छताला एक कप्पी होती आणि उचलायचा माल म्हणजे एक घमेलं. अण्णांनी घमेल्याच्या जागी पाच टन आणले, रीत तशीच ठेवली.

म्हणजे हिशेब असा होता: क्रेनच्या आधी माझं यंत्र उठू शकत नाही, आणि माझ्या यंत्राच्या आधी क्रेन उठू नये.

“माझं यंत्र तुमचं नाही,” मी म्हणाले. “सांगलीच्या कंपनीचं आहे. त्याला तुमची रीत कशी लागू?”

“फाटकाच्या आत आलं ते आमचं. तुला जेवायला वाढणार हाय का न्हाई? मग तूबी आमची, खेकडाबी आमचा.”

“मग उद्या बेड उचलायच्या आधी पाच मिनिटं द्या.”

“क्रेनच्या आधी हत्यार? त्यापरीस मीच पाटावर बसतो.”

यावर त्यांनी ती नाव-आडनावाची युक्ती काढली होती. मी सही दिली नाही. अण्णा चिडले नाहीत, हे जास्त अवघड होतं. ते हसून म्हणाले, “नको देऊ. गिऱ्हाइकाला मी सांगतो फोनवर. ते माझ्या शब्दावर माल नेत्यात. आणि उद्या बघ तूच, मी कसा जातो खालनं. तुझी शंका फिटंल.”

मी मामांकडं पाहिलं. मामांनी हुकाकडं पाहिलं.

“तुम्ही काही बोलत नाही,” मी त्यांना नंतर बाजूला म्हणाले. “तुमचा हात असतो त्या मालाला.”

“ताई, त्येंच्या मागनं मी इतकी वर्सं चालतो. ते खालनं जाताना मी म्हणतो, अण्णा, बिगीबिगी चला. ते मुद्दाम हळू चालत्यात. आता अशा माणसाला काय बोलायचं?”

पूजा सुरू झाली. पाटावर छिन्न्या, हातोडे, साचे ठोकायचे दांडे, मापं, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला माझा योक. मला एकदम परकी झाल्यासारखं वाटलं. जिला बटणाशिवाय काही माहीत नव्हतं ती वस्तू आता देवासारखी बसली होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती.

पाटावर न मावणाऱ्या यंत्रांची पूजा जागेवरच व्हायची, आणि ती चालू करून. हे मी तिथंच पाहिलं. लेथला एक गिरकी, मग हळदकुंकू. भट्टीच्या ब्लोअरला एक फुंकर, मग हळदकुंकू. ग्राइंडर घूं करून उठला, त्याला लांबूनच कुंकू उडवलं. निजलेल्या यंत्राची पूजा करत नाहीत म्हणे, जागं करून करतात. ताट आक्कांच्या हातात, अण्णा पुढं, मागं सगळे कामगार, आणि सगळ्यांत मागं मी, परतीच्या बसचा विचार करत. बॉसला काय सांगणार होते मी? हूक अर्धा पास, योक पूर्ण पूजलेला.

पाटापाशी मिरवणूक परत आली. अण्णा माझ्या योकवर हळद वाहणार, तर आक्कांनी ताट मागं घेतलं.

“अण्णा, लेथ चालवून पुजलास. ब्लोअर चालवून पुजलास. ह्या पोरीच्या यंत्रानं काय पाप केलंय? त्येला निजलेलंच पुजायचं?”

अण्णा थांबले. “मग करा की चालू.”

सगळे माझ्याकडं वळले. मला जे खरं होतं तेच मी सांगितलं. “रिकामं चालू करून उपयोग नाही. पायांखाली लोखंड लागतं त्याला.”

“मग ठेवा एक तुकडा पाटावर,” अण्णा म्हणाले.

“तुकडा?” आक्का म्हणाल्या. “सांगलीहून पाव्हणं म्हणून आलंय ते. त्येला भंगाराच्या तुकड्यावर बसवतोस? समोर हूक हाय, त्येची पूजाबी व्हायचीच हाय. दोघांची एका जागी करू.”

“ते काम झालं, आक्का. हत्यारानं काम करायचं न्हाई.”

“कामाला कोण सांगालंय? ताट कुणाच्या हातात हाय? तुला पूजेतलं कधी कळलंय? गेल्या साली अगरबत्ती उलटी लावलीस.”

कामगारांत खसखस पिकली. अण्णांनी टॉवेल खांद्यावर सारखा केला. “चला,” ते म्हणाले.

हार घातलेला योक मी दोन्ही हातांवर घेऊन हुकापाशी गेले. वायर धरायला दस्तगीरमामा, एखाद्या नवरीचा शालू धरावा तसे. तोवर मी आक्कांना फक्त हट्टी समजत होते. हुकापाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, “देवाला डोक्याकडनं पायाकडं पुजत्यात. एक पाय वर ठेव, एक पाय खाली.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. त्या ताटात काहीतरी शोधत होत्या.

मी एक पाय हुकाच्या मानेकडं, एक खालच्या वळणाकडं ठेवला आणि बटण दाबलं. यंत्र बोललं. कामगारांनी हात जोडले. अण्णांनी हळद वाहिली, ती सरळ खाली पडली, जशी पडायला हवी तशी. “आता कुंकू,” ते म्हणाले आणि ताटाकडं हात नेला.

“कुंकू मी लावतो,” आक्का म्हणाल्या, आणि ताटातून त्यांनी माझा रबराचा फुगा काढला.

“आक्का,” दस्तगीरमामा म्हणाले, “कुंकवाला फुगा कवापासनं?”

“नवीन निघालंय. वायर धर गप.”

त्यांनी फुगा हलकेच दाबला. सकाळी मी करत होते तसंच, लांबून, हलका ढग उठेल इतपतच. इतकी वर्षं स्टोअरमधली एकेक वस्तू मोजून देणारा हात. एक कण जास्त नाही. हुकाच्या पोटावर, जिथं साखळदंड बसतो त्या वळणावर, लाल धूळ बसली. मी वाकून फुंकर मारली. सगळी उडाली.

सगळी नाही. एक रेघ राहिली. हुकाला आडवी, बोटाच्या पेराएवढी, कुणी दाभणानं ओढल्यासारखी.

“अण्णा,” दस्तगीरमामा हळूच म्हणाले, “हुकानं भांग भरला.”

अण्णा खाली वाकले. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी रेघ पुसली. “कुंकू चिकटलंय. घामेजलं असंल लोखंड. लाव आक्का परत.”

आक्कांनी परत लावलं. मी परत फुंकलं. रेघ परत आली, त्याच जागी, तेवढीच.

“जरा बाजूला धर,” अण्णा म्हणाले. मी योक बोटभर बाजूला सरकवला. तिथं काही नाही. लोखंड स्वच्छ. परत जागेवर आणला. रेघ.

मग अण्णांनी फुगा बहिणीच्या हातातून घेतला. स्वतः लावलं, स्वतः फुंकलं. मी नुसतं बटण धरून होते. आयुष्यभर लोखंड ओतलेला माणूस. भेग म्हणजे काय ते त्यांना माझ्याकडून शिकायची गरज नव्हती. त्यांनी रेघेवरून अंगठ्याचं नख ओढलं. नख अडकलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं.

“वरवरची असंल,” ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

“असेल. किती खोल आहे ते हे यंत्र सांगत नाही. आहे, एवढंच सांगतं.”

अण्णांनी हुकाकडं पाहिलं, मग जमिनीवर झाकून ठेवलेल्या त्या बेडकडं, मग मधल्या मोकळ्या जागेकडं. उद्या सकाळी तांब्या घेऊन जायची वाट तीच होती.

“दस्तगीर, हूक काढ.”

“आज हत्यार उचलायचं न्हाई न्हवं, अण्णा?”

“मग उद्या काढ. पर आज त्येला कुणी हात लावायचा न्हाई.” आणि क्रेनच्या स्विचला त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. किल्ली आक्कांकडं दिली.

मग ते कामगारांकडं वळले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, “देवीनं दाखवलं. पूजेतच दाखवलं.”

सगळ्यांनी परत हात जोडले. मीही योक खाली ठेवून जोडले, नाहीतर वादच घातला असता. सकाळपासून मी तेच सांगत होते. पण माझं म्हणणं ते फक्त माझं होतं. हार घातलेल्या योकनं सांगितल्यावर ते देवीचं झालं. ही जमा कुणाच्या खात्यावर जाते हे मला त्याच क्षणी कळलं आणि ते सोसायला मी तयार झाले.

“आता तरी पुरी सही करशील?” अण्णांनी विचारलं.

“करते. नापासाची. नाव, आडनाव, दोन्ही.”

“लिही बाई. उद्या सणाला राहा हितंच. आता तुला सोडत न्हाई.”

मी राहिले. आक्कांच्या घरी. रात्री त्यांनी पुरणाची पहिली पोळी मला वाढली, भुकटीबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. काय विचारणार? पूजा केली म्हणून आभार कसे मानतात?

दसऱ्याला सकाळी पलीकडच्या कारखान्याची फिरती हायड्रा क्रेन आली. गिऱ्हाइकाची परवानगी अण्णांनी रात्रीच फोनवर घेतली होती. तिचा मुहूर्त पहाटेच तिच्या मालकाच्या दारात झाला होता. तेव्हा ती जागी होती, रीतीला बाध नव्हता. हा निवाडा अण्णांचाच. दस्तगीरमामांनी साखळदंड बांधले, हात वर केला, आणि बेड जमिनीवरून उठला. एवढं मोठं लोखंड, आणि किती हळू हललं.

अण्णा तांब्या घेऊन पुढं आले. नवं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. मालाच्या कडेपाशी येऊन ते थांबले.

“पोरी,” त्यांनी वर बघतच विचारलं, “ह्या हायड्राचा हूक तू बघितलाईस?”

“नाही, अण्णा. हा मी नाही बघितलेला.”

हायड्राचा ड्रायव्हर वरून ओरडला, “हूक चांगला हाय ओ.”

“असंल,” अण्णा म्हणाले. “आमचाबी चांगलाच हुता की परवापर्यंत.”

मग ते वळले. खालून गेले नाहीत. डावीकडून निघाले, बेडच्या कडेकडेनं, हातभर अंतर ठेवून, सगळ्या फाउंड्रीदेखत लांबचा वळसा घालून चालू लागले. तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून कोपर अंगाशी. कुणी हसलं नाही. हसायचं ते दस्तगीरमामांनी सगळ्यांच्या वतीनं केलं.

“अण्णा, रस्ता चुकला काय?”

“गप रे. मुहूर्त पलीकडं पोचल्याशी कारण. कंच्या वाटंनं आला ते कोण इचारतंय?”

पलीकडं पोचून त्यांनी नारळ फोडला. एका फटक्यात. पाटावरची हत्यारं उठली, आणि सगळ्यांत आधी अण्णांनी माझा योक उचलून माझ्या हातात दिला. झेंडू त्याला अजून चिकटलेलाच होता.

जायच्या आधी मी स्टोअरच्या खिडकीशी गेले, भुकटीचा डबा परत घ्यायला. आक्का आत उभ्या होत्या. डबा त्यांनी उघडून दाखवला, बंद केला, मग दिला.

“एक विचारू?” मी म्हणाले. “भेग असेल हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठं कळलंवतं?” त्या म्हणाल्या. “नसती निघाली तरी पूजा झालीच असती की. तू काल म्हणालीस, निम्मं बघायचं राहिलंय. मी म्हणलं, ते निम्मं बघून घेऊ. माझं लग्न झालं तवा ह्यो अण्णा एवढासा हुता, कप्पीखाली घमेल्याशी खेळायचा. आता पाच टनाखालनं जातो आणि मुद्दाम हळू चालतो. दर दसऱ्याला मी ह्या खिडकीत डोळं मिटून घेतो आणि नारळ फुटल्याचा आवाज आला की उघडतो. कुणाला सांगायचं न्हाई हां हे.”

“आणि आज?”

“आज बघितलं की. पहिल्यापासनं शेवटपर्यंत.” त्यांनी जाळीतून फाउंड्रीकडं नजर टाकली. तिथं अण्णा सगळ्यांना मिठाई वाटत होते आणि वाटतावाटता एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकत होते. “वळसा घालताना नीट दिसला. केवढं पोट सुटलंय त्येचं. उद्यापासनं त्येची साखर बंद.”